जुन्या टर्बो गाडीचं आयडल १४०० वर अडकलंय? थ्रॉटल बॉडी विकत घेण्याआधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटरचं वीस व्हॉल्व्हवालं टर्बो पेट्रोल इंजिन, रनिंग दीड लाखाच्या घरात. सकाळी थंड असताना आयडल (पाय पॅडलवर नसतानाचा इंजिनाचा वेग) ठीक वाटतं, पण इंजिन गरम झालं की काटा १३०० ते १४०० वर थांबतो आणि सिग्नलला कधीकधी १००० ते १५०० मध्ये डोलतो. मेकॅनिकने थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, तिच्यातली चकती म्हणजे पडदा) काढून धुतली, त्यानंतर त्रास वाढला. स्मोक टेस्ट केली (नळ्यांत धूर सोडून गळती शोधली), गळती सापडली नाही. आता नवीन थ्रॉटल बॉडी घ्या, नाहीतर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेलाय असं सांगतायत.

दोन्हीपैकी काहीही इतक्यात घेऊ नका. तुम्ही दिलेल्या माहितीत एक आकडा नाही, आणि पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे: गरम इंजिनवर ईसीयूला स्वतःला किती आरपीएम हवे आहेत? या इंजिनाला गरम झाल्यावर ८०० च्या आसपास हवे असतात. ईसीयू ८०० मागतोय आणि मिळतायत १४००, की तोच १३०० मागतोय, हे दोन अगदी वेगळे आजार आहेत. बाहेरून मात्र ते सारखेच दिसतात.

हा आकडा व्हीसीडीएसवर (फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांचं स्कॅन सॉफ्टवेअर) मेझरिंग ब्लॉक ०५६ मध्ये मिळतो. पहिल्या रकान्यात प्रत्यक्ष आरपीएम, दुसऱ्यात ईसीयूला हवे असलेले. साध्या ब्लूटूथ डोंगलवर तो दिसत नाही, पण डोंगलवर फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली कमी-जास्त दुरुस्ती, टक्क्यांत), एअर फ्लो, कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. निम्मं काम त्यावरही होतं. डोंगलवर थ्रॉटल १२-१५ टक्के दाखवला तर दचकू नका. बंद थ्रॉटललाही बऱ्याच गाड्या एवढंच दाखवतात.

आता मूळ मुद्दा. पेट्रोल इंजिन हवेने रेस होतं, नुसतं जास्त पेट्रोल टाकून नाही. आयडल वाढलंय म्हणजे थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग), जास्त हवा पोहोचते आहे. ती हवा एअर फ्लो सेन्सरमधून मोजून आली की चोरवाटेने न मोजता आली, हा दुसरा प्रश्न. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की शोध एका कोपऱ्यापुरता उरतो.

टर्बो गाडीत एअर फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रस्ता लांब असतो आणि त्याचे तीन तुकडे पडतात. पहिला तुकडा एअर फ्लो सेन्सरपासून टर्बोच्या तोंडापर्यंतचा रबरी पाइप. तो फाटला तर न मोजलेली हवा आत येते आणि मिश्रण पातळ होतं, पण आयडल वाढत नाही, कारण पुढे थ्रॉटल उभा आहेच. दुसरा तुकडा टर्बोपासून इंटरकूलरमार्गे थ्रॉटलपर्यंतचा. आयडलला तिथे दाब जवळपास बाहेरच्या हवेइतकाच असतो, त्यामुळे तिथली गळती बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून भरतो तेव्हा, कळते: सूं आवाज, काळा धूर, ओढ कमी. तिसरा तुकडा थ्रॉटलच्या पुढचा. आयडल वाढवणारी गळती फक्त इथेच असू शकते. इंटरकूलरचे पाइप आणि क्लॅम्प बदलून आयडल खाली यायची वाट बघणारे पुष्कळ असतात. ते पैसे बूस्टसाठी कामी येतील, आयडलसाठी नाही.

न मोजलेल्या हवेबद्दल एक छोटं गणित करू. गरम इंजिन ८०० वर दर सेकंदाला साधारण ३ ग्रॅम हवा घेतं. आयडलला मॅनिफोल्डमध्ये ओढ इतकी असते की भोकातून हवा ध्वनीच्या वेगाने आत घुसते, आणि गळती भोकाच्या क्षेत्रफळावर ठरते: दर चौरस मिलिमीटरला ढोबळ ०.२ ग्रॅम. म्हणजे २ मिमी व्यासाच्या भोकातून ०.६ ग्रॅम आणि ४ मिमीच्या भोकातून २.५ ग्रॅम. २ मिमीच्या भोकाला हा इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल सहज सांभाळून घेतो. ईसीयू पडदा तेवढा मिटतो, काटा ८०० वरच राहतो, फक्त ट्रिम वर जातं. ४ मिमीचं भोक झालं तर जवळजवळ सगळी हवा न मोजलेली होते, आणि ईसीयूची दुरुस्ती साधारण २५ टक्क्यांपर्यंतच जाते. पेट्रोल पुरत नाही. अशी गाडी रेस होत नाही, ती थरथरते, अडखळते, बंद पडते.

म्हणून एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत आयडल १४०० वर गुळगुळीत, न अडखळता थांबत असेल, तर माझा संशय आधी मोजलेल्या हवेवर जातो. ओबडधोबड चालत असेल आणि ट्रिम वर असेल, तर न मोजलेल्या हवेवर. ज्या टर्बो गाड्यांत एअर फ्लो सेन्सरच नसतो, फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर असतो, तिथे हा नियम चालत नाही. तिथे कुठूनही हवा आली तरी दाब वाढतो, ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोल देतो आणि गाडी मजेत रेस होते. ऑक्टाव्हियाबद्दलचं हे उत्तर अशा गाडीला जसंच्या तसं लावू नका.

सकाळी ठीक आणि गरम झाल्यावर बिघाड, याचं कोडंही इथेच सुटतं. थंड इंजिनला ईसीयू मुद्दाम १०००-११०० देतो, त्यामुळे जास्तीची हवा खपून जाते. बिघाड सकाळीही असतोच. इंजिन तापलं की मागणी ८०० वर उतरते आणि तेव्हा तो उघडा पडतो.

डोलण्याचं कारण असं: पाय पॅडलवर नाही आणि आरपीएम मागणीपेक्षा बरेच वर आहेत, हे बघून ईसीयूला वाटतं गाडी उतारावर नुसती घरंगळते आहे. तो पेट्रोल तोडतो. काटा पडतो, पेट्रोल परत सुरू होतं, काटा चढतो. डोलणं हा जास्तीच्या हवेचाच परिणाम आहे. त्यासाठी प्लग-कॉइल बदलू नका.

आता तुमच्या गाडीकडे. धुतल्यानंतर त्रास वाढला ही सगळ्यात मोठी खूण आहे. थ्रॉटलच्या कडेला काजळीचा थर साचतो तसा ईसीयू पडदा थोडा थोडा जास्त उघडायला शिकतो आणि ती सवय लक्षात ठेवतो. थर धुऊन काढला, पण सवय तशीच राहिली, की त्याच कोनात आता जास्त हवा जाते. यावर अॅडॅप्टेशन करायचं असतं, म्हणजे पडद्याची जागा ईसीयूला नव्याने शिकवायची. किल्ली ऑन, इंजिन बंद, बेसिक सेटिंग्जमध्ये गट ०६०. बॅटरी किमान ११.५ व्होल्ट, कूलंट १० ते ९५ अंशांच्या मध्ये, मेमरीत एकही फॉल्ट कोड नको आणि पॅडलला पाय लागता कामा नये. थ्रॉटल किरकिर आवाज करत खाली-वर होतो आणि पडद्यावर ‘एडीपी ओके’ येतं. ‘एरर’ आलं तर बहुतेक वेळा बॅटरी कमी असते किंवा कोड पुसलेले नसतात. त्यावरून लगेच थ्रॉटल बाद ठरत नाही.

अॅडॅप्टेशन झालं तरी आयडल उतरलं नाही, तर थ्रॉटल काढून उजेडासमोर धरा. बंद पडद्याच्या कडेने चंद्रकोरीसारखी बारीक रेघ दिसते, ती चालेल. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला नाहीच, असं असेल तर पडदा वाकलाय किंवा दांडा घासलाय. धुताना कोणी पॉलिश पेपर मारला असेल किंवा स्क्रूड्रायव्हरने पडदा ढकलला असेल, तर कडेचा लेप आणि आतले प्लास्टिकचे गिअर दोन्ही धोक्यात येतात. परत बसवताना पॅकिंग नवीन घाला. चार बोल्ट आडवे-तिडवे, ८ ते १० न्यूटन-मीटर, त्याहून जास्त नाही. घाईत चिमटलेलं पॅकिंग म्हणजे धुतल्यावर वाढलेल्या त्रासाचं दुसरं कारण. मीटरमध्ये ईपीसी दिवा (इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या बिघाडाचा) लागत असेल तर प्रकरण निराळं: थ्रॉटलची मोटर किंवा पॅडलचा सेन्सर गेल्यावर ईसीयू मुद्दाम वाढीव आयडलवर गाडी ठेवतो. तेव्हा आधी कोड वाचा.

आता स्मोक टेस्ट. ती स्वच्छ आली म्हणून गळती नाही, असं टर्बो गाडीत धरता येत नाही. टर्बो इंजिनात मॅनिफोल्ड कधी ओढतं, कधी ढकलतं. बूस्टचा दाब उलटा जाऊ नये म्हणून क्रँककेसच्या (इंजिनाचा खालचा, ऑइलचा भाग) नळीवर, ब्रेक बूस्टरच्या नळीवर आणि पेट्रोल टाकीच्या वाफेच्या नळीवर वन-वे व्हॉल्व्ह असतात. आयडलला ते उघडे असतात. स्मोक मशीन मॅनिफोल्डमध्ये धूर दाबाने सोडतं, म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने हलका बूस्टच. व्हॉल्व्ह मिटतात, आणि त्यांच्या पलीकडे जे फाटलंय तिथपर्यंत धूर पोहोचतच नाही. गळती नेमकी आयडललाच उघडते आणि टेस्टमध्ये लपते.

त्यामुळे धूर दोनदा सोडावा लागतो. एकदा मॅनिफोल्डमधून, एकदा डिपस्टिकच्या नळीतून क्रँककेसमध्ये. दुसऱ्या वेळी ऑइल फिल्टरच्या घराकडून वर येणारी नळी, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइलचं झाकण, डिपस्टिकचा पिवळा प्लास्टिकचा गळा, सगळं नीट बघा. तो गळा या वयात ठिसूळ होऊन तुटलेला असतोच. धुराचा दाब अगदी कमी ठेवा. क्रँककेसमध्ये जोरात हवा भरली तर क्रँकचे ऑइल सील बाहेर यायला वेळ लागत नाही.

मॅनिफोल्डच्या खाली, इंजिनाच्या पुढच्या बाजूला, नळ्यांचा जो गुंता आहे तो या इंजिनाची खरी दुखरी जागा. वरून दिसत नाही. आरसा आणि टॉर्च घेऊन खालून बघावं लागतं, नाहीतर हात घालून चाचपावं लागतं. ऑइलमध्ये भिजलेलं रबर बोटाला लोण्यासारखं मऊ लागतं; निरोगी रबर दाबल्यावर उसळी मारतं. मऊ झालेल्या नळीची खालची बाजू हमखास चिरलेली असते, आणि इंजिन चालू असताना ती चीर ओढीने उघडझाप करते.

नुसती ती नळी बदलून मोकळं होऊ नका. ती फाटते बहुतेक वेळा मॅनिफोल्डकडचा वन-वे व्हॉल्व्ह गेल्यामुळे. व्हॉल्व्ह मिटत नाही, बूस्ट उलटा त्या मऊ नळीत शिरतो, नळी फुगते, फाटते. नवीन नळीचंही थोड्याच दिवसांत तेच होईल. व्हॉल्व्ह काढा, ऑइल पुसा आणि फुंकून बघा: क्रँककेसच्या बाजूने हवा पार जायला हवी, मॅनिफोल्डच्या बाजूने अडायला हवी. दोन्हीकडून जात असेल तर तोच मूळ चोर. टॅपेट कव्हरमधून ऑइल पाझरणं किंवा बूस्टनंतर डिपस्टिक उचललेली दिसणं ही त्याचीच लक्षणं. बदलताना मूळ मापाचाच व्हॉल्व्ह घ्या. बाजारातला मोठ्या भोकाचा कुठलाही व्हॉल्व्ह बसवला तर क्रँककेसमार्गे थ्रॉटलला वळसा घालून जास्त हवा जाते. तीही मोजलेली, कारण क्रँककेस टर्बोच्या तोंडाच्या पाइपला जोडलेलं आहे. ट्रिम अगदी छान दिसतं आणि आयडल मात्र वर.

मोजलेल्या हवेची आणखी एक चोरवाट डायव्हर्टर व्हॉल्व्हमध्ये (थ्रॉटल मिटल्यावर टर्बोचा दाब परत वळवणारा) असते. त्याचा डायाफ्राम फाटला की मॅनिफोल्डकडून येणारी बारीक नळी टर्बोच्या पाइपातली हवा ओढू लागते. तपासायला एक मिनिट लागतं: ती नळी व्हॉल्व्हवरून काढा, हाताच्या व्हॅक्युम पंपाने व्हॉल्व्हला ओढ द्या. सुई टिकली तर डायाफ्राम ठीक, पडली तर बदला.

उरलेल्या वाटांसाठी नळी चिमटून बघण्याची जुनी पद्धत उत्तम. इंजिन गरम, एसी बंद, एकेक रबरी नळी गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने दाबा, काट्याकडे बघा, सोडा. साधी पक्कड नको, दातांनी नळी कापली जाते. आणि कडक प्लास्टिकच्या पाइपला तर हातही लावू नका, वीस वर्षांचं प्लास्टिक काचेसारखं मोडतं. टाकीच्या वाफेची नळी दाबल्यावर काटा उतरला तर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकलाय. खात्रीसाठी त्याचा प्लग काढा: वीज नसताना तो बंदच हवा, फुंकर पार जाता कामा नये. हा व्हॉल्व्ह फसवा असतो, कारण तो हवेबरोबर पेट्रोलची वाफही आणतो. भर उन्हात नुकतीच टाकी भरलेली असेल तर ट्रिम उणे दिसतं, टाकी रिकामी आणि थंड असेल तर अधिक.

ब्रेक बूस्टरसाठी (मॅनिफोल्डच्या ओढीवर ब्रेक हलका करणारा डबा) इंजिन बंद करून पॅडल पाच-सहा वेळा मारा, कडक झालं की पाय ठेवून स्टार्ट करा. पॅडल थोडं खाली जायला हवं. मग आयडलवर ब्रेक दाबून धरा. दाबताना पायाजवळ सूं आवाज येऊन आरपीएम बदलले, तर बूस्टरचा डायाफ्राम गेलाय. आवाज नसेल आणि तरीही संशय असेल तर बूस्टरची नळी जाड भागात चिमटा. त्यानंतर काम होईपर्यंत गाडी हलवू नका. ब्रेक लागत नाहीत असं वाटण्याइतके जड होतात.

गाडीत कोणी कॅच कॅन (क्रँककेसच्या वाफेतलं ऑइल गोळा करणारा डबा) किंवा वेगळा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवला असेल तर सगळ्यात आधी मॅनिफोल्डच्या न वापरलेल्या तोट्यांवरच्या रबरी टोप्या बघा. उष्णता आणि बूस्ट मिळून त्या वर्षा-दोन वर्षांत तडकतात. तोटीचं भोक मोठं असतं, आणि टोपी वरून शाबूत दिसते.

कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायचा मोह होईल. या इंजिनात टर्बो आणि एक्झॉस्ट मागे, फायरवॉलकडे आहेत, मॅनिफोल्ड पुढे आहे. तरीही तापलेल्या इंजिनवर पेट घेणारा फवारा मारू नका. बाटलीतून साधं पाणी फवारा. चिरेवर पाणी पडलं की ती क्षणभर बुजते, काटा हलतो.

आता दुसरी शक्यता: ब्लॉक ०५६ मध्ये ईसीयूच १२००-१३०० मागताना दिसला. मग वरच्या कशालाही हात लावू नका. पहिला संशयित कूलंट तापमानाचा सेन्सर. एकाच घरात दोन सेन्सर असतात, एक मीटरच्या काट्यासाठी, एक ईसीयूसाठी. काटा ९० वर शांत बसलेला असतो आणि ईसीयू मात्र इंजिन थंडच समजत असतो. रात्रभर उभ्या गाडीत किल्ली ऑन करून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर बघा. तीन-चार अंशांच्या आत जुळायला हवं. गरम झाल्यावर ८५ ते ९५ च्या दरम्यान स्थिर. तिथपर्यंत चढतच नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. हायवेवर तापमान खाली उतरणं ही त्याची खूण. बॅटरी किंवा अल्टरनेटर कमजोर असेल तरीही ईसीयू आयडल वाढवतो, म्हणून चालू गाडीत १३.५ ते १४.५ व्होल्ट आहेत का बघून घ्या. एसी चालू असताना थोडं वर जाणं हा बिघाड नाही.

ट्रिम वाचताना ब्लॉक ०३२ चा पहिला रकाना आयडलचा, दुसरा चालत्या गाडीचा. पहिला +५ च्या वर आणि दुसरा शून्याजवळ असेल तर थ्रॉटलपुढे न मोजलेली हवा आहे. दोन्ही वर असतील तर एअर फ्लो सेन्सर कमी मोजतोय किंवा पेट्रोलचा दाब कमी आहे. दोन्ही शून्याजवळ आणि आयडल वर, म्हणजे थ्रॉटल, क्रँककेसचा वळसा किंवा डायव्हर्टर. कोडमध्ये पी०५०७ दिसला तर तो फक्त आयडल जास्त आहे एवढंच सांगतो, जे तुम्हाला माहीतच आहे. पी११३६ त्याच्या सोबत असेल तर न मोजलेल्या हवेचा संशय पक्का होतो.

व्हॅक्युम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं मीटर) लावणार असाल तर पुस्तकातला १८ ते २१ इंचांचा आकडा समुद्रसपाटीचा आहे. दर हजार फुटांना सुमारे एक इंच वजा करा. पुणे साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे निरोगी इंजिनही दोनेक इंच कमी दाखवेल. ती गळती नाही.

तुमच्या बाबतीत मी याच क्रमाने जाईन: ०५६ आणि ०३२ चे आकडे लिहून ठेवायचे, कोड पुसून ०६० करायचं, फरक पडला नाही तर क्रँककेसच्या नळ्या आणि वन-वे व्हॉल्व्ह, मग डायव्हर्टर, पर्ज, बूस्टर. आकडे आधी लिहा, कारण कोड पुसले की शिकलेली ट्रिमही शून्यावर येतात आणि पुरावा जातो. प्रत्येक बदलानंतर वीस-तीस किलोमीटर चालवा, थोडं शहरात, थोडं मोकळ्या रस्त्यावर, आणि मगच ०३२ परत वाचा. गरम इंजिन, एसी बंद, अशा स्थितीतले ते चार आकडे पाठवलेत तर पुढचं नेमकं सांगता येईल.